माइकची पाठ

गेल्या दिवाळीत ठरवलं की गुरुजींनी शिकवलेल्या बंदिशी रेकॉर्ड करून ठेवायच्या. चाळीसेक भरतील. वहीत आहेत सगळ्या, स्वरलिपीसकट. पण मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, वहीत नीट उतरत नाही, आणि पन्नाशीनंतर 'ही सम कुठून गाठायची' हे अधूनमधून भिंतीला विचारावं लागतं. आधी फोनवर करून पाहिलं. माझ्या फोनला माणसाचं बोलणं तेवढं कळतं. आलापात स्वर जरा लांबला की त्याला तो पंख्याचा आवाज वाटतो आणि तो आज्ञाधारकपणे पुसून टाकतो. तानपुरा तर त्यानं अख्खाच्या अख्खा गिळला.

मग भाचा म्हणाला, "मामा, नीट माइक घे. कंडेन्सर." भाचा गिटार वाजवतो, त्यामुळे घरात तो तज्ज्ञ.

एका शनिवारी दुकानात गेलो. काउंटरवरच्या मुलानं पहिलाच प्रश्न टाकला, "काका, फँटम आहे ना तुमच्याकडे?" आमच्या पिढीला फँटम म्हणजे चित्रकथेतला वेताळ, आणि पुण्यात त्याची टेकडीसुद्धा आहे. तसं म्हणालो. मुलगा हसला नाही. मग त्यानं समजावलं. कंडेन्सर माइकच्या पोटात केसाहून कितीतरी पातळ, सोन्याचा मुलामा दिलेला पडदा असतो आणि माइकला चालायला ४८ व्होल्ट लागतात. ही वीज वेगळ्या वायरीनं येत नाही. ज्या केबलमधून आवाज खाली येतो तिच्यातूनच ती गुपचूप वर जाते, म्हणून फँटम. ती देणारी आणि आवाजाचे सेकंदाला ४४,१०० आकडे करून संगणकाला पुरवणारी डबी म्हणजे ऑडिओ इंटरफेस. म्हणजे माइक घ्यायला गेलो आणि माइक, डबी, स्टँड, केबल आणि कानावर घट्ट बसणारा हेडफोन घेऊन आलो. हेडफोन घट्टच हवा, नाहीतर त्यातला तानपुरा झिरपून माइकमध्ये शिरतो. केबल तेवढी आखूड पडली. ती नंतर तपकीर गल्लीतून आणली.

त्या रात्री पहिलं रेकॉर्डिंग ऐकलं. यमन होता, पण त्याच्या आधी बरंच काही होतं. पेटीच्या भात्याचा श्वास. पट्ट्यांची टकटक. माझं नाक. भिंतीवरचं घड्याळ, जे आम्ही बंद पडलंय असं समजत होतो. फ्रिजची घरघर, वरच्या काकूंची खुर्ची सरकवणं, बोळात रिव्हर्स घेणारी गाडी आणि त्या गाडीची ती केविलवाणी ट्यून. स्वयंपाकघरातली फोडणी तर इतकी स्वच्छ आली होती की मोहरी कुठे संपली आणि जिरं कुठे पडलं ते सांगता यावं.

बायकोनं हेडफोन लावून सगळं ऐकलं आणि म्हणाली, "घरात एवढा आवाज असतो, आणि तू म्हणतोस मी भांडी आपटते."

चूक माइकची नव्हती. तो ज्या कामासाठी जन्मला ते त्यानं चोख केलं. जास्त ऐकू येणारा माइक चांगला, असं मी धरून चाललो होतो. ते खरंही आहे, पण ऐकण्याजोगं काही असेल तिथे. नारायण पेठेतल्या आमच्या दहा बाय अकराच्या खोलीत गुळगुळीत फरशी, उघड्या भिंती, एक लोखंडी कपाट. टाळी वाजवली की टिंग असा आवाज परत येतो.

त्यावर उपाय सुचवणारे पुष्कळ निघाले. मेव्हण्यानं अंड्यांचे ट्रे भिंतीला लावायला सांगितले. त्यानं बाहेरचा आवाज थांबत नाही आणि आतलाही फारसा सुधरत नाही हे नंतर कळलं, पण त्याआधीच आईनं, "पेठेत राहून भिंतभर अंडी?" एवढं विचारून विषय संपवला होता. भाचा फोमचे काळे चौकोन म्हणाला. पातळ फोम फक्त वरचे, टोकदार आवाज खातो. खालचे घुमणारे तसेच राहतात, आणि खोली सर्दी झाल्यासारखी बोलायला लागते. खर्ज खायला जाडी लागते.

जाडी आमच्या माळ्यावर होती. आजीच्या नऊवारींची, आईनं टाके घातलेली गोधडी. लोक माइकच्या मागे काहीतरी टांगतात. मीही आधी तेच केलं, फरक जेमतेम. मग लक्षात आलं, माइकचं तोंड माझ्याकडे आहे, म्हणजे त्याला जे दिसतं ते माझ्या मागचं. गोधडी माझ्या पाठीशी दोरीवर टाकली आणि टिंग गेलं. एवढ्या खरेदीत पैसे न पडलेली वस्तू ती एकच, आणि उपयोग सगळ्यात जास्त तिचाच.

कंडेन्सर मात्र भाच्याला दिला. बदल्यात त्याच्याकडून त्याचा स्टेजवरचा जुना माइक घेतला. शुअरचा एसएम ५८, ज्याचं मॉडेल १९६६ सालचं आहे. याला वेताळबिताळ लागत नाही. आत चुंबक आणि तारेची गुंडाळी. कानानं थोडा जड आहे, जवळ जाऊन गायलं तरच ऐकतो, आणि फार जवळ गेलं की आवाजाला फुकटचा खर्ज देतो. हा खर्ज मला आवडला, खोटं कशाला बोलू. पण याचा खरा गुण वेगळाच. त्याच्या ऐकण्याचा आकार पत्त्यांतल्या बदामासारखा आहे: समोरचं नीट ऐकतो, मागचं जवळजवळ ऐकतच नाही. कंडेन्सरचाही आकार बहुधा तसाच असतो. पण त्याला मान वळवायची मुळात गरज आहे हे मला तेव्हा कुठे ठाऊक होतं? नको त्याच्याकडे पाठ करायची, ही विद्या अमेरिकन कंपनीला कुठून मिळाली कोण जाणे. पेठेत ती आम्हाला उपजत येते.

आता प्रश्न एवढाच राहिला की पाठ एक आणि आवाजाच्या दिशा दोन. एकीकडे रस्त्याची खिडकी, समोर स्वयंपाकघराचं दार. आठवडाभर विचार करून माइकची पाठ रस्त्याकडे केली आणि गोधडी स्वयंपाकघराच्या दारात टांगली. वेळ रविवारची, दुपारी एक ते चार. या वेळात दुकानं बंद असतात हा पुण्याचा दोष म्हणून सांगितला जातो; मला तर तो स्टुडिओचा तास वाटतो. पंखा बंद. मे महिन्यात यातल्या काही बंदिशी मी बनियनवर गायलो आहे.

तबला ठेक्याच्या ॲपचा. सुरुवातीला हेडफोनमधला माझाच आवाज उशिरा यायचा आणि सम निसटायची. आवाज एका मिलीसेकंदात साधारण ३४ सेंटिमीटर जातो. म्हणजे दहा मिलीसेकंदांचा उशीर झाला तर तबलजी साडेतीन मीटरवर बसलाय असं समजायचं, बैठकीत चालतं. माझा शंभराच्या पुढे होता, म्हणजे तबलजी बोळाच्या टोकाला. डबीवर 'डायरेक्ट' लिहिलेलं एक बटण होतं. ते दाबल्यावर माझा आवाज संगणकाला वळसा न घालता थेट कानात आला. तीन आठवडे ते बटण माझ्याकडे बघत होतं.

१९०२ साली गौहर जान यांनी कलकत्त्याच्या हॉटेलच्या खोलीत कर्ण्यात तोंड घालून गाणं भरलं, तेव्हा माइक नव्हताच. विजेवरचं रेकॉर्डिंग १९२५ च्या सुमाराचं. जेमतेम तीन मिनिटांत राग मांडायचा आणि चूक झाली तर पुन्हा सगळं पहिल्यापासून. मी सोळाव्या टेकला चिडतो तेव्हा ती खोली आठवतो. राग जातो असं नाही.

जूनअखेर अठरा बंदिशी झाल्या. मग नदीपात्रात ढोल-पथकांचा सराव सुरू झाला. ढोलाच्या खर्जापुढे गोधडी काहीच नाही, आणि तिथे माइकची पाठही कामाची नाही. इतक्या खालचा आवाज तो मागूनही ऐकतो, शिवाय भिंतीतून, फरशीतून, स्टँडच्या पायातून वर येतो. सराव संध्याकाळचा असतो, पण रविवारी हौशी मंडळी दुपारीच जमतात. कुणाला काय बोलणार? वीस वर्षांपूर्वी मीही ताशा वाजवत होतो.

तर सध्या माइक डब्यात आहे, अनंत चतुर्दशीपर्यंत. गोधडी आईनं धुऊन वाळवली, आणि पावसाची हवा म्हणून ती आता तिच्याच पलंगावर आहे.