आत जाताना गोड, बाहेर येताना आंबट

क्वालिटीच्या मॅडमनी टेबलावरचा शाफ्ट उचलला, त्यावरून बोट फिरवलं आणि ते बोट माझ्यासमोर धरलं. विटकरी झालं होतं.

"काल दुपारी ग्राइंड झालाय हा. रात्रभर इथेच होता. तुमचा हीटर लागल्यापासून हे सुरू झालंय."

माझ्याकडे उत्तर तयार होतं, कारण हा आरोप मी याआधीही ऐकला होता. आमचे हीटर डायरेक्ट फायर्ड असतात, म्हणजे ज्योत आणि हवा यांच्यामध्ये पत्रा नसतो. साध्या हीटरमध्ये ज्योत पेटीत जळते, धूर चिमणीने जातो आणि हवा पेटीला बाहेरून चाटून गरम होते. इथे ब्लोअर बाहेरून जी हवा शेडमध्ये ढकलतो तिच्या वाटेतच बर्नर उभा असतो. चिमणी नाहीच. गॅस जळून जे काही तयार होतं ते सगळं त्या हवेबरोबर आत येतं. पहिल्यांदा ऐकणारा दचकतो आणि त्याने दचकावंच. पण हवा इतकी प्रचंड असते की हिशेब जमतो. हे यंत्र तासाला २० हजार घनमीटर ताजी हवा ५ अंशांवरून २५ वर नेतं आणि त्यासाठी त्याला सुमारे १४ घनमीटर नैसर्गिक वायू लागतो. त्या गॅसचं पाणी होतं वीसएक लिटर, अर्थात वाफेच्या रूपात. हवेच्या घनमीटरमागे जेमतेम एक ग्रॅम.

हे मी मॅडमना कागदावर मांडून दाखवलं. बाहेरची ५ अंशांची हवा अगदी ओलीचिंब धरली तरी तिच्यात घनमीटरला सातच्या आत ग्रॅम पाणी. आमचा एक ग्रॅम मिळवला तरी आठच्या आत. २५ अंशांची हवा २३ ग्रॅम पेलते. म्हणजे सापेक्ष आर्द्रता ३५ टक्क्यांच्या आसपास. एवढ्या कोरड्या हवेत ताजं लोखंड एका रात्रीत गंजत नाही.

मॅडमनी कागद नीट वाचला, आकडेमोड तपासली आणि विचारलं, "बरोबर आहे. मग गंज कशाने?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

त्या जागी माझी ही तिसरी खेप होती. पहिल्या खेपेला तक्रार साधी होती: संध्याकाळच्या सुट्टीनंतर हीटर परत पेटत नाही, लॉकआउटला जातो. मी सकाळी पोहोचलो तर इलेक्ट्रिशियन अभिमानाने म्हणाला, "अकरा वेळा रीसेट मारला, मग लागला." रीसेटचं बटण म्हणजे दारावरची बेल नव्हे. पायलटची, म्हणजे पेटवणीची छोटी ज्योत दिसली नाही म्हणून तिच्यावर नजर ठेवणारा रिले गॅस बंद करतो आणि माणसाने येऊन कारण शोधावं म्हणून तिथे अडून बसतो. दर वेळी आधी पर्ज होतं, नुसता ब्लोअर फिरून आतली हवा बदलते, साचलेला गॅस निघून जातो, म्हणून अकरा वेळा मारूनही स्फोट झाला नाही. पर्जचा वेळ वाचवायला, हवा वाहतेय का ते बघणाऱ्या एअर स्विचला जंपर, म्हणजे त्याला बगल देणारी वायर, लावणारेही मी पाहिलेत. त्यांच्याशी मी वाद घालत नाही, जंपर काढून खिशात टाकतो.

ज्योत आहे की नाही हे आमच्याकडे फ्लेम रॉड सांगतो. ज्योतीतून वीज वाहते, पण एका दिशेने जास्त, उलट दिशेने कमी. त्यातून जो डीसी करंट मिळतो तो रिले वाचतो. मोजायचा तो मायक्रोअँपिअरमध्ये. बसवून दिलं तेव्हा साडेचार होता, आता सव्वा. या रिलेला किमान दोन लागतो. रॉड काढला तर पोर्सेलीनवर पिवळट, चिकट पापुद्रा. त्यातून करंट जमिनीला गळत होता. पुसून बसवला, चार पूर्णांक चार. रिपोर्टमध्ये 'रॉड साफ केला' लिहून निघालो.

बारा दिवसांनी पुन्हा तेच. या वेळी रॉडला खड्डे पडले होते आणि बर्नरच्या स्टेनलेसच्या पाकळ्यांवर नारिंगी ठिपके. मी रॉड बदलला आणि रिलेसुद्धा बदलला. डोकं चालेनासं झालं की हात चालवायचे, त्यातला प्रकार. जुना रिले माझ्या कपाटात आहे आणि ठणठणीत आहे.

निघताना दुसऱ्या पाळीतला एक ऑपरेटर गेटजवळ भेटला. म्हणाला, "दादा, तुम्ही नेहमी सकाळी येता. एकदा संध्याकाळी सातला येऊन बघा, डोळ्यांतून पाणी येतं." मी त्याला काय सांगितलं ते मला आठवतं. सवय होईल, नवीन यंत्राला थोडे दिवस वास येतोच. पहिल्या एक-दोन दिवसांपुरतं ते खरं असतं, पत्र्यावरचं तेल जळतं. पण यंत्र लागून तोवर तीन आठवडे झाले होते.

म्हणून तिसऱ्या खेपेला मी ठरवूनच दुपारी गेलो आणि थांबलो. डोळे झोंबतात म्हटल्यावर आमच्या धंद्यातला पहिला संशय प्रोफाइल प्लेटवर. बर्नरच्या दोन्ही अंगांना पत्र्याच्या दोन पट्ट्या असतात आणि त्यांच्या फटीतून हवा सेकंदाला पंधराएक मीटर वेगाने निघावी लागते. फट मोठी झाली तर ज्योत सुस्त, लांब, पिवळी. फट लहान झाली तर वाऱ्याचा झोत मंद ज्योतीला गारठवतो, गॅस अर्धवट जळतो, कार्बन मोनॉक्साइड वाढतो आणि आल्डिहाइडचा तो डोळ्यांत जाणारा वास येतो. म्हणून बर्नरच्या अलीकडचा-पलीकडचा दाबाचा फरक यू-ट्यूबवर, म्हणजे दाब मोजायच्या पाणी भरलेल्या वाकड्या नळीवर, बघत पट्टी एकेक मिलिमीटर सरकवायची, बोल्ट आवळायचा, आवळताना ती हलते म्हणून परत मोजायचं. बरेच जण 'कारखान्यातून सेट होऊन आलंय' म्हणून हात लावत नाहीत. मी अर्धा दिवस घालवतो. इथेही घातला होता. पंधरा ते वीस मिलिमीटर वॉटर कॉलम हवं, माझं सतरा होतं आणि तिसऱ्या खेपेलाही सतराच निघालं.

गॅसचा दाब बरोबर. फिल्टर स्वच्छ. सर्वांत मंद ज्योतीवर आउटलेटला मोनॉक्साइड २ पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत दोन. अशा हीटरच्या अमेरिकन मानकात, झेड ८३.४ मध्ये, मर्यादा ५ ची आहे. मी खूश. संध्याकाळी साडेसहाला तोच ऑपरेटर आला, मला बघून काही बोलला नाही, चष्मा काढून नुसते डोळे पुसले. माझ्याही घशात खवखवायला लागलं होतं. अ‍ॅनालायझरवर अजूनही २.

मॅडम प्रयोगशाळेतून पीएच पट्टीची गुंडाळी घेऊन आल्या. म्हणाल्या, "तुमचं यंत्र जे मोजतं तेच तुम्ही बघताय." टोमणा होता, पण खरा. डिस्टिल्ड वॉटरने ओली केलेली पट्टी त्यांनी चिमट्यात धरून आउटलेटच्या जाळीसमोर नेली. ज्योतीच्या कार्बन डायऑक्साइडने ती थोडीफार बदलणार हे दोघांनाही माहीत होतं, पाच-साडेपाचपर्यंत उतरली असती तर मी मान डोलावली असती. पट्टी पिवळ्यावरून केशरी आणि केशरीवरून लाल झाली. पीएच दोन, म्हणजे चक्क आम्ल.

मग मी धावत बाहेर गेलो आणि ताज्या हवेच्या लूव्हरसमोर, म्हणजे हवा आत शिरते तिथे, दुसरी पट्टी धरली. काहीच नाही. मिनिटभर धरली, रंग जसाच्या तसा. तिथे उभा असताना नाकाला एक बारीक, गोडसर वास आला. वाईट अजिबात नव्हता.

परत आत. बर्नर बंद केला, ब्लोअर चालू ठेवला. पाच मिनिटांनी नवी पट्टी आउटलेटला: जवळजवळ कोरी. बर्नर पेटवला: लाल. आम्ही हे तीनदा केलं. तिसऱ्यांदा करायची गरज नव्हती, पण माझा विश्वास बसत नव्हता. हवा आत जाताना गोड होती आणि ज्योतीतून बाहेर पडताना आंबट.

शाफ्टवरचा गंज मॅडमनी डिस्टिल्ड वॉटरमध्ये धुऊन घेतला, गाळला, त्यात नायट्रिक आम्ल आणि सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाकला. नळाचं पाणी चालत नाही, त्यात क्लोराइड असतंच. शेजारी नुसत्या डिस्टिल्ड वॉटरची परीक्षानळी ठेवली होती, ती काचेसारखी राहिली. गंजाची नळी दुधासारखी झाली.

"क्लोरीन," त्या म्हणाल्या. "ट्रायक्लोरो कोण वापरतंय?"

शेजारच्या बुटक्या शेडमध्ये व्हेपर डीग्रीझर होता, म्हणजे द्रावकाच्या वाफेने मालावरचं तेल काढायची टाकी. कारखाना तोच, पण विभाग वेगळा, मेंटेनन्स वेगळा, आणि दोन्हीकडचे साहेब एकमेकांशी फक्त मेलवर बोलणारे. टाकीच्या तळाशी ट्रायक्लोरोएथिलीन उकळतं, ८७ अंशांना. त्याची वाफ हवेच्या साडेचारपट जड, त्यामुळे टाकीत थरासारखी बसून राहते. वर काठाला थंड पाण्याची कॉइल असते, तिथे ती परत द्रव होते. तेलकट माल जाळीच्या टोपलीतून त्या वाफेत सोडायचा आणि सावकाश वर काढायचा. सावकाश हा शब्द टार्गेटच्या पाळीत कोणी ऐकत नाही. टोपली खस्सकन उपसली की वाफ काठाबाहेर सांडते, काठावरची एक्झॉस्ट ती ओढते आणि छतावरून बाहेर सोडते. हे सगळं फक्त दुसऱ्या पाळीत, चारनंतर.

ती वाफ ज्योतीतून गेली की तिचं मुख्यतः हायड्रोजन क्लोराइड होतं. ओलावा मिळाला की तेच हायड्रोक्लोरिक आम्ल. ते आधी माझ्या रॉडला लागलं, मग मॅडमच्या शाफ्टना, आणि मधल्या वेळात माणसांना. थोडा फॉस्जीनही तयार होऊ शकतो, पहिल्या महायुद्धात वापरला तोच विषारी वायू. आमच्याकडे तो मोजायचं साधन नव्हतं. आमच्या मॅन्युअलमध्ये जाड चौकटीत लिहिलेलं आहे की क्लोरीन असलेल्या द्रावकांची वाफ असेल तिथे हे यंत्र बसवू नये. सर्व्हेच्या फॉर्मवर तो प्रश्नही आहे. 'हवेत द्रावक आहेत का?' मेंटेनन्सच्या साहेबांनी 'नाही'वर खूण केली होती आणि ते त्यांच्या शेडबद्दल अगदी खरं बोलत होते. यंत्र मात्र त्यांच्या शेडची हवा ओढत नव्हतं, बाहेरची ओढत होतं.

मी गॅसचा मेन कॉक बंद करून टॅग लावला. प्रॉडक्शनचे साहेब म्हणाले, थंडीत लोक काम कसं करतील, निदान पाळी संपेपर्यंत चालू ठेवा. मी तो कॉक परत उघडणार नाही म्हणालो. तेवढं एक मी त्या दिवशी लगेच आणि बरोबर केलं. कारखान्याच्या डॉक्टरांना मॅडमनी स्वतः फोन लावला. तिकडून कळलं की दुसऱ्या पाळीचे लोक पंधरा दिवसांपासून डोळ्यांत टाकायचे थेंब नेतायत. ते कोणी हीटरशी जोडलं नव्हतं. मी तरी कुठे जोडलं होतं?

अंधार पडल्यावर मेंटेनन्सचे साहेब आणि मी बॅटरी घेऊन शिडीने बुटक्या शेडच्या छतावर चढलो. आमचं लूव्हर तिथे भिंतीत छातीएवढ्या उंचीवर आहे. त्याच्यापासून तीन पावलांवर छतातून एक पाइप वर आलेला, गुडघाभर उंच, वर टोपीसुद्धा नाही. तोंडाशी हात धरला तर उबदार झुळूक. लूव्हर ती झुळूक ओढून घेत होतं. मी खिशातून दोऱ्याचा तुकडा काढून पाइपच्या तोंडावर धरला आणि तो आडवा होऊन आमच्या जाळीकडे ताणला गेला.

त्या पाइपला मी ओळखलं. लूव्हर बसवलं त्या दिवशी तो गार होता, त्याचा पंखा बंद होता, कारण आम्ही सकाळी काम करत होतो. छत उतरतं आहे, टूलबॅग घसरत होती, म्हणून मी ती त्या पाइपच्या कडेला पट्ट्याने अडकवली होती. हेल्परने काढलेल्या फोटोत मी लूव्हरचे बोल्ट आवळतोय आणि मागे पाइपला लटकलेली माझी निळी बॅग अगदी स्पष्ट दिसते. सकाळभर तिथून पाना काढत होतो, ठेवत होतो. हा पाइप कशाचा, एवढं एक विचारायचं सुचलं नाही.

आता लूव्हर दुसऱ्या बाजूच्या भिंतीत नेलंय, मध्ये बावीस मीटर डक्ट टाकलं, प्रोफाइल प्लेट पुन्हा सेट केली. डीग्रीझर काढून पाण्यावरचं वॉशिंग मशीन यायचं आहे म्हणतात. रॉडचा करंट चार पूर्णांक सहावर टिकून आहे. तो ऑपरेटर भेटला होता, म्हणाला आता त्रास नाही. मी माफी मागायला तोंड उघडलं आणि गाडीच्या पार्किंगबद्दल काहीतरी विचारलं.

त्या रात्री छतावर साहेबांनी पाइपवर बॅटरी मारून मला विचारलं होतं, "काय हो, तुम्ही हे बसवलंत तेव्हा हा पाइप होता का इथे?"

मी म्हणालो, "ड्रॉइंगमध्ये नव्हता."

ड्रॉइंगमध्ये तो खरंच नव्हता.