माझं पहिलं दगडी कासव

ऑफिसच्या खुर्चीला कंटाळून मी गेल्या वर्षी चार महिने, दर रविवारी, हडपसरच्या पुढे एका पाथरवट मामांकडे दगडकाम शिकायला जात होतो. त्यांच्या वडिलांनी जाती-पाटे घडवले, हे मूर्ती आणि तुळशीवृंदावनं घडवतात. मला देवळापुढे असतं तसं कासव करायचं होतं, वीतभर.

पहिला रविवार दगड निवडण्यातच गेला. वाघोलीकडच्या खाणीतल्या काळ्या दगडाचे तुकडे पडलेले. मामा एकेकाला हातोडीनं हलकेच ठोकत. खणखणीत वाजला तर बाजूला, बद्द वाजला तर परत ढिगात. मग वर तांब्याभर पाणी. सगळा दगड वाळला तरी केसाएवढी रेघ ओलीच राहिली, की तिथं चीर. घंटेसारखा वाजणाऱ्या दगडाला शिल्पशास्त्रात पुरुषशिला म्हणतात, हे मी वाचून गेलो होतो. मामा म्हणाले, "आसंल. आमी वाजतोय का बघतो."

दगडात आधीच कासव दिसतं का, असंही हौसेनं विचारलं.

"आत कासव-बिसव काय नसतंय साहेब. दगडच असतोय. किती ठेवायचा, ते कळाय पायजे."

टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही म्हणतात. पहिला महिना घाव माझ्या डाव्या अंगठ्यानं सोसले. टाकी फार उभी धरली की दगड आतून मार खातो, पांढरट डाग पडतो. फार आडवी धरली की घसरते. टाकी बोथट झाली की मामा भट्टीत लाल करून ठोकत आणि पाणी देत. एका रविवारी त्यांनी मला पाताळेश्वराला पिटाळलं. आठव्या शतकातली ही लेणी जंगली महाराज रस्त्यावर आहे, कॉलेजात असताना तिथं सावलीला बसायचो. या खेपेला नंदीचा गोल मंडप बघून पोटात गोळा आला. तोही त्याच कातळातला, वरून खाली कोरत आणलेला. एक खांब चुकून उडाला तर दुसरा आणणार कुठून?

माझं तसंच झालं. तिसऱ्या महिन्यात मान कोरताना टाकी भसकन आत गेली आणि डोकं हातात आलं. आत सुपारीएवढी पोकळी, पांढऱ्या गारगोटीनं भरलेली. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थंड होताना त्यात वायूचा बुडबुडा अडकला होता, तो नेमका माझ्या कासवाच्या गळ्यात. एवढी छोटी पोकळी ठोकून कळत नाही.

"एम-सीलनं चिकटवू?" मी विचारलं. मामांनी माझ्याकडे असं बघितलं की मी गप्प बसलो. मग त्यांनी खडू घेतला, दोन बोटं मागं नवी रेघ मारली. "मान आत घेतलीय म्हनायचं. घ्या टाकी."

आता ते दारात असतं. नाकाच्या जागी गारगोटीचा ठिपका राहिलाय, उन्हात चमकतो. शेजारची पोरं येता-जाता तिथंच बोट लावतात.