वहीतले तीन रकाने

हळदीच्या पेढीवर जमाखर्च लिहिण्यात आयुष्य गेलं, त्यामुळे मनगटावरच्या घड्याळाच्या आकड्यांवर माझा विश्वास बसत नाही. लाल पुठ्ठ्याची वही आहे. तीत रोज तीन रकाने भरतो: चालणं, पेटी, स्मृती मानधना.

चालण्याचा रकाना कंटाळवाणा. आमराईच्या फेऱ्या, कधी आयर्विन पुलापर्यंत. गुडघा दुखला तर 'गु' लिहितो, संपलं. पेटीचा त्याहून बरा; सध्या भूपाची एकच तान, लय हळूहळू वाढवतोय.

तिसरा मात्र ऐसपैस. आमच्या सांगलीची पोर म्हटल्यावर नुसत्या धावा लिहून कसं भागेल? 20 सप्टेंबर 2025, दिल्ली, समोर ऑस्ट्रेलिया: 50 चेंडूंत शतक, कोहलीचा 52 चेंडूंचा विक्रम मागे, एकूण 63 चेंडूंत 125. सामना हरलो, तरी ते पान हिरव्या शाईत आहे. 2 नोव्हेंबरच्या अंतिम सामन्यात तिच्या 45च. पण दक्षिण आफ्रिकेला 52 धावांनी हरवून विश्वचषक आला. त्या दिवशी चालणं आणि पेटी, दोन्ही रकाने कोरे.

बायको म्हणते, "अहो, तिच्या धावांनी तुमची साखर उतरायची नाही." म्हणून साखरेचा चौथा रकाना आखलाय. तो भरायचं काम तिनं स्वतःकडे घेतलंय. माझ्या अक्षरावर तिचा भरवसा नाही म्हणे.