आमची वाटचाल : एका साच्यातून एकच माणूस

पुणे विद्यापीठातून मानवशास्त्रात एम.ए. केलं आणि त्यानंतर शिल्पकलेकडे वळले. लोकांना हा क्रम उलटा वाटतो. आमचं सगळं काम मात्र याच क्रमावर उभं आहे.

आम्ही संग्रहालयांसाठी माणसांचे पूर्णाकृती पुतळे घडवतो. पेणच्या गणपती-कारागिरांना सोबत घेऊन धायरीत भाड्याच्या शेडमध्ये सुरुवात केली. शाडू त्यांच्या बोटांत होती. रबराचा साचा आणि फायबरचं काम सगळे मिळून शिकलो. सुरुवातीची वर्षं शेडचं भाडं गणपतीच्या साच्यांवर निघालं.

संग्रहालयाची पहिली मोठी मागणी अशी होती : 'एक आदिवासी चेहरा करा, त्याच साच्यातून सगळे काढा, पागोटी तेवढी बदला.' ती आम्ही घेतली नाही. कारण मानवशास्त्रज्ञ इरावती कर्वे. १९२०च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनमध्ये त्यांनी माणसांच्या कवट्या मोजल्या. कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंतला फरक वंशानुसार बदलतो, असं त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर मानत. मोजमापांत तसं काही निघालं नाही, आणि बाईंनी ते तसंच लिहिलं. परक्या देशात, मार्गदर्शकाच्या मताविरुद्ध! वंशाचा म्हणून ठरलेला चेहरा नसतो, आणि कुणाच्याही चेहऱ्याच्या दोन बाजू सारख्या नसतात. म्हणून आमच्याकडे एका साच्यातून एकच माणूस निघतो.

शरीराची ठेवण तर चेहऱ्याहून अवघड. जन्मभर उकिडवं बसणाऱ्याच्या नडगीच्या हाडावर, घोट्यापाशी, लहानशी गुळगुळीत खूण उमटते. हाडापर्यंत पोचलेली ही सवय पुतळ्याच्या पायात दिसायलाच हवी. खुर्चीची सवय असलेला माणूस उकिडवा बसवला, की बहुधा त्याच्या टाचा उचलल्या जातात. भात लावणारी बाई कमरेतून वाकते, गुडघ्यातून नाही. हे स्टुडिओत बसून कळत नाही.

म्हणून आम्ही जव्हार-मोखाड्यात जातो. ज्यांचा पुतळा करायचा त्यांना विचारून, मोबदला देऊन मोजमापं घेतो. मातीतला चेहरा झाला की त्यांना दाखवतो. त्यांनी हो म्हटल्याशिवाय साचा चढत नाही.

नव्या ग्राहकांना विनंती : मागणी मार्चअखेरच्या घाईत देऊ नका. दिवाळीनंतर तिकडची बरीच कुटुंबं वीटभट्ट्यांवर जातात, ती पावसाच्या तोंडाशी परततात. मोजमापं भातलावणी ते कापणी या काळातच घेता येतात. पुढे एका पुतळ्याला साधारण तीन महिने धरा.