वाघांब्याचा वाटाड्या

ट्रेकला सोबत येणाऱ्या कुत्र्यांची एक स्वतंत्र जमात सह्याद्रीत तयार झाली आहे. पायथ्याच्या गावात गाडीचं दार उघडायचा अवकाश, कुठून तरी एक शेपटी हलत येते. त्याला कुणी बोलावलेलं नसतं. आपण बुटांच्या नाड्या बांधेपर्यंत तो वाटेला लागलेला असतो आणि मागे वळून बघत असतो. ऊन व्हायच्या आत निघायचंय की नाही, असा एकूण आविर्भाव. बागलाणातल्या वाघांब्याला, होळी नुकतीच होऊन गेलेली असताना, आम्हा तिघांना असाच एक भेटला. तांबूस अंग, एक कान दुमडलेला. एका दिवसात सालोटा आणि साल्हेर, असा आमचा बेत होता. त्याची काही हरकत दिसली नाही.

फेब्रुवारी संपला की बहुतेक ट्रेकर बूट माळ्यावर टाकतात. मला मात्र हाच सह्याद्री जास्त खरा वाटतो. गवत वाळून कुरकुरीत झालेलं, ओढ्यात फक्त गोटे, आणि त्या करड्या पसाऱ्यात पानं झडलेल्या फांद्यांवर पळस, पांगारा, काटेसावर. कुसुंबाची तर पालवीसुद्धा लाल. पंचांगातला वसंत चैत्रात सुरू होतो. डोंगरातला इतका वेळ थांबत नाही. गावाबाहेर मोहाखाली बाया फुलं वेचत होत्या. पडलेली फुलं नीट दिसावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा जाळतात, त्यामुळे काळ्या जमिनीवर ती पिवळसर टपोरी फुलं चांगलीच उठून दिसत होती. (हीच आग कधी कधी हाताबाहेर जाऊन डोंगरभर वणवा होते, तो भाग वेगळा.) आमच्या वाटाड्याने एका टोपलीत तोंड घातलं, दोन शिव्या खाल्ल्या आणि काहीच न घडल्यासारखा पुढे निघाला.

सालोटा आणि साल्हेर यांच्यामधल्या खिंडीत पोचेपर्यंत त्याची चालण्याची रीत कळून आली. तो वाट चालत नाही, वाटेच्या आजूबाजूला चालतो. आपण एक चढ चढतो तेवढ्यात तो तीन झुडपं हुंगून, एका सरड्यामागे धावून, वर जाऊन बसलेला असतो. सालोट्याच्या घसाऱ्यावर आम्ही हातापायांवर आलो, तेव्हा हा वरच्या कातळात कोरलेल्या पायऱ्यांवर बसून मान खाजवत होता. गोचीड असणार. मदत वगैरे करायचा त्याचा काही विचार नव्हता.

साल्हेर १५६७ मीटर, म्हणजे महाराष्ट्रातला सर्वांत उंच किल्ला. शिखरांत फक्त कळसूबाई त्याच्या वर. दरवाज्यांची रांग आणि कातळातल्या गुहा ओलांडून माथ्याच्या पठारावर आलं की गंगासागर तलाव लागतो, आणि त्याच्याही वर, टेकाडाच्या टोकाला परशुरामाचं मंदिर. इथूनच बाण मारून त्याने समुद्र मागे हटवला आणि कोकण काढलं, अशी कथा. मार्चच्या धुरकट हवेत समुद्र सोडाच, मांगी-तुंगीचे सुळकेही ओळखून घ्यावे लागले. मुल्हेर, मोरा, हरगड बोट दाखवून मोजत आम्ही हरखून उभे होतो. १६७२ साली मराठ्यांनी मोगलांना उघड्या मैदानात हरवलं ते कुठे असेल, यावर वादही घातला. कुत्रा या सगळ्याकडे पाठ करून मंदिराच्या भिंतीच्या सावलीत आडवा पडला होता. शिखर ही गोष्ट त्याच्या हिशेबात नाहीच. त्याच्या लेखी गडावर दोनच ठिकाणं: पाणी आणि सावली. बाकीचा डोंगर मधली जागा.

आणि अकरा वाजता त्याचंच बरोबर असतं. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. पंजांच्या गाद्यांना येतो तेवढाच. बाकी सगळी भिस्त जीभ बाहेर काढून धापा टाकण्यावर. आपल्या पायांत बूट असतात, तो त्याच तापलेल्या कातळावर अनवाणी. म्हणून उतरताना त्याच्या सोयीने थांबायचं ठरलं, आणि तलावात तो पोटापर्यंत उतरला तेव्हा कुणीही घाई केली नाही.

भाकरी मात्र त्याला मी खाली पोचल्यावरच द्यावी या मताचा आहे. त्यावरून आमच्यात नेहमी वाजतं. वर दिलेला प्रत्येक तुकडा त्याला पुढच्या डोंगरावर ओढत नेतो. लोक एका गावातून चढतात, दुसऱ्या गावात उतरतात, गाडीत बसून निघून जातात. हा तिथल्या कुत्र्यांच्या हद्दीत एकटा उरतो. त्यात रात्र पडली तर बिबट्या. अकोले तालुक्यात बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास झाला होता, त्यात त्यांच्या आहाराचा ३९ टक्के भाग गावातली कुत्रीच निघाली. ‘कुत्रा सोबत असला की जनावराची भीती नाही’ असं म्हणणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा. २०२५ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलेल्या बारा किल्ल्यांत साल्हेर आहे. आता माणसं वाढणार, म्हणजे बिस्किटंही वाढणार.

आम्हाला खरं तर साल्हेरवाडीला उतरायचं होतं. तिकडची वाट सोपी, आणि न पाहिलेली. पण हा मागे येणार हे उघड होतं. बरीच चर्चा होऊन, आल्या वाटेने, भर उन्हात, आम्ही त्याला वाघांब्याला परत आणून सोडलं. पहिल्या घराच्या ओट्यावर एक मावशी मोहफुलं वाळत घालत होत्या. कुत्र्याला भाकरी वाढत मी जरा ऐटीतच सांगितलं, “मावशी, तुमचं कुत्रं आणलंय बरं का परत.”

त्यांनी मान वर करून बघितलं. “आमचं कुठलं! साल्हेरवाडीचं हाय ते. परवा मुंबईवाल्यांसंगं आलं गड उतरून.”

आम्ही एकमेकांकडे बघायला लागलो. मावशींनी आधी त्याला हाड्‌ केलं, मग आमच्याकडे बघून हसल्या. “जाईल की. उद्या रविवार. येतंय कुणी ना कुणी.”