पायी फिरून पाहिलेली अमेरिकेची राज्यघटना

पुतणीची नागरिकत्वाची मुलाखत तोंडावर आली होती. २०२३ च्या ऑक्टोबरात एडिसनहून ट्रेंटन आणि तिथे गाडी बदलून फिलाडेल्फिया, असा सगळा प्रवास ती मोबाइलवर प्रश्न वाचत होती आणि मी उत्तरं तपासत होतो. शंभर प्रश्न सरकारनेच आधी जाहीर केलेले. तेव्हाच्या नियमाप्रमाणे त्यातले दहापर्यंत विचारायचे, सहा बरोबर आले की पास. ‘सरकारची एखादी शाखा डोईजड होऊ नये म्हणून काय व्यवस्था आहे?’ याचं उत्तर तिला तोंडपाठ होतं: सत्तेची विभागणी. म्हणजे नक्की काय गं, असं विचारलं तर म्हणाली, “ते विचारत नाहीत, काका.”

पण ही विभागणी फिलाडेल्फियात चक्क पायी बघता येते. १७९० ते १८०० राजधानी इथेच होती. चेस्टनट स्ट्रीटवर मधोमध इंडिपेंडन्स हॉल. त्याच्या एका अंगाला, सहाव्या रस्त्याच्या कोपऱ्यावर, काँग्रेस हॉल, म्हणजे तेव्हाची संसद. दुसऱ्या अंगाला, पाचव्याच्या कोपऱ्यावर, ओल्ड सिटी हॉल. सुप्रीम कोर्ट तिथे भरायचं. आणि राष्ट्राध्यक्षांचं घर उत्तरेला पुढच्याच मोठ्या रस्त्यावर, मार्केट स्ट्रीटला. संसद, न्यायालय आणि राष्ट्राध्यक्ष, तिघेही हाकेच्या अंतरावर.

इंडिपेंडन्स हॉलमध्ये रेंजरबरोबरच (म्हणजे सरकारी वाटाड्याबरोबर) आत जावं लागतं. तिकीट फुकट, आरक्षणाचा एक डॉलर. सभागृहात हिरव्या कापडाची टेबलं, त्यांवर कागद आणि बोरू, समोर वॉशिंग्टनची खुर्ची. तिच्या पाठीवर अर्धा सूर्य कोरलाय, सोनेरी, नाकडोळ्यांसकट. १७८७ च्या उन्हाळ्यात राज्यघटना लिहायला बारा राज्यांचे ५५ प्रतिनिधी इथे येऊन गेले (ऱ्होड आयलंडने कोणालाच पाठवलं नाही). चर्चा बाहेर फुटू नये म्हणून खिडक्या बंद. मे महिन्यात काचा लावलेल्या एसटीत लोकरीचा कोट घालून भांडायचं, असा काहीसा प्रकार असणार.

भांडण मुख्यतः लहान आणि मोठ्या राज्यांचं. १६ जुलैला तोड निघाली, तीही पाच राज्यं विरुद्ध चार अशी काठावर. मॅसॅच्युसेट्सचे प्रतिनिधी तर आपसातच फुटलेले. संसदेच्या दोन सभागृहांपैकी प्रतिनिधिगृहात लोकसंख्येप्रमाणे जागा, सेनेटमध्ये मात्र प्रत्येक राज्याला सारख्याच. म्हणून आज जवळजवळ चार कोटींच्या कॅलिफोर्नियाचे दोन सेनेटर आणि सहा लाखही वस्ती नसलेल्या वायोमिंगचेही दोनच. आपल्या राज्यसभेत महाराष्ट्राचे १९ आणि गोव्याचा एक. इथला नियम आपण उचलला असता तर पणजी मुंबईच्या बरोबरीने बसली असती. मला विचाराल तर आपलंच बरं. पण या तडजोडीशिवाय लहान राज्यं उठून गेली असती, हेही तितकंच खरं.

काँग्रेस हॉलला गर्दी कमी, आणि मला तोच जास्त आवडला. खाली प्रतिनिधिगृह, वर सेनेट. १७९३ मध्ये वॉशिंग्टनने वरच्या मजल्यावर दुसऱ्यांदा राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेतली आणि अवघ्या १३५ शब्दांत भाषण आटोपलं. आपल्याकडे तेवढ्यात व्यासपीठावरच्या मान्यवरांची नावंही संपत नाहीत. ४ मार्च १७९७ ला खालच्या दालनात जॉन अ‍ॅडम्सने शपथ घेतली, तेव्हा मावळता राष्ट्राध्यक्ष तिथेच हजर होता. फौजेचं नेतृत्व केलेला माणूस खुर्ची सोडून साधा नागरिक म्हणून घरी निघाला. त्या काळात असं सहसा कुठे घडत नसे.

आता गंमत बघा. १७९२ मध्ये या हॉलने प्रतिनिधिगृहातल्या जागा राज्याराज्यांत वाटायचा कायदा मंजूर करून वॉशिंग्टनकडे पाठवला. काही राज्यांना घटनेच्या मर्यादेपेक्षा जास्त जागा जातात म्हणून त्याने तो परत धाडला. अमेरिकेच्या इतिहासातला हा पहिला व्हेटो. तो मोडायला दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मतं लागतात. ती जमली नाहीत, मग नवा कायदा करावा लागला. पुढच्या वर्षी कोर्टाची पाळी. साउथ कॅरोलायनातल्या एकाने थकलेल्या पैशांसाठी जॉर्जियावर दावा लावला. राज्यावर असा दावा चालतो, असं न्यायाधीश म्हणाले. राज्यं खवळली आणि १७९५ पर्यंत अकरावी घटनादुरुस्ती करून त्यांनी तो निकाल पुसून टाकला. कोणाचाच शब्द शेवटचा नाही. कामं रखडतात, चिडचिड होते. मुळात ती व्हावी अशीच रचना आहे.

राष्ट्राध्यक्षांचं घर आता उरलेलं नाही. जागेवर उघडा सांगाडा आहे आणि भिंतीवर नऊ नावं कोरलेली. वॉशिंग्टनने इथे राबवलेल्या गुलामांची ती नावं. पेनसिल्व्हेनियाच्या १७८० च्या कायद्यानुसार बाहेरून आणलेला गुलाम सहा महिने इथे राहिला की स्वातंत्र्य मागू शकायचा. म्हणून मुदत भरायच्या आत त्यांना राज्याबाहेर फिरवून आणायचे. त्यातली ओना जज १७९६ मध्ये पळाली, न्यू हॅम्पशायरला पोहोचली आणि शेवटपर्यंत हाती लागली नाही. खुद्द घटनेत जागांसाठी पाच गुलामांमागे तिघे मोजायचं कलम होतं. गुलामी घटनेतून गेली ती १८६५ च्या तेराव्या दुरुस्तीने. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांना मोकळं करण्यासाठी झटलेल्या अमेरिकेतल्या सज्जनांना. पुतणीला हे ठाऊक नव्हतं. ती नावं तिने एकेक करून मोठ्याने वाचली.

शेवटी उत्तरेला नॅशनल कॉन्स्टिट्यूशन सेंटर गाठलं. तिथे एका दालनात ४२ पुरुषभर उंचीचे ब्राँझचे पुतळे आहेत. घटनेवर सही करणारे ३९ आणि हजर असूनही न करणारे तिघे: रँडॉल्फ, गेरी आणि जॉर्ज मेसन. मतदारसंघ सोयीने कापण्याला (‘जेरीमँडरिंग’) पुढे ज्याचं नाव चिकटलं, तोच हा गेरी. मी मात्र मेसनपाशी थांबलो. त्याची पहिलीच तक्रार होती की यात नागरिकांच्या हक्कांची सनद नाही. (स्वतः गुलामांचा मालक असलेल्या माणसाची ही तक्रार, हेही सोबत लिहून ठेवतो.) सही न करण्यापायी वॉशिंग्टनशी त्याची जुनी मैत्री तुटली. पण तक्रार लोकांना पटली आणि १५ डिसेंबर १७९१ ला हक्कांच्या सनदेच्या दहा दुरुस्त्या लागू झाल्या. मेसन त्यानंतर वर्षभरही जगला नाही, पण त्या लागू झालेल्या त्याने पाहिल्या.