होडीची लांबी (पुट्टी) चार दिवस वाळेना: माझा अनुभव

खडकवासल्याच्या पाण्यातल्या फायबरच्या होडीचा तळ इपॉक्सीच्या लांबीने भरायला दोन दिवस पुरतात. ही लांबी रेझिन, त्याला कडक करणारा हार्डनर आणि पावडर कालवून बनते. मला तीन आठवडे लागले, कारण सुट्या डब्यातल्या हार्डनरवर चिठ्ठीच नव्हती. दुकानात तोंडी सांगितलं, "शंभराला पन्नास घाला." ग्रॅम की मिलिलिटर? "एकच हो ते."

एकच नाही. रेझिनची घनता 1.15 च्या आसपास, हार्डनरची 1 च्या जरा खाली. मिलिलिटरच्या मापाने 2:1 म्हणजे वजनाने 100 ला साधारण 43. मी काट्यावर 50 घेतलं, हार्डनर सहाव्या हिश्श्याने जास्त झाला. त्या जादा हार्डनरला धरायला रेझिनच उरत नाही, तो आत तसाच मऊ राहतो. चौथ्या दिवशीही नख रुतत होतं, काचपेपर दोन हात फिरवले की भरून जायचा. अशा लांबीला ऊन द्या, वरून आणखी हार्डनर लावा, ती सुधारत नाही. पटाशीने खरवडायची, असिटोनने पुसायची, नव्याने भरायची. माहितीपत्रकासाठी चार फेऱ्या मारल्या, तेव्हा त्यात दोन्ही प्रमाणं स्वच्छ छापलेली होती. पत्रक हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका. आणि आधी 20 ग्रॅम फरशीच्या तुकड्यावर ओतून दुसऱ्या दिवशी नख लावून बघाच.

पावडर नेहमी शेवटी. रेझिन-हार्डनर दोन मिनिटं, कपाचा तळ आणि कडा खरवडत ढवळा. भेगा, सांधे, स्क्रूची भोकं यांना एरोसिल, म्हणजे बारीक सिलिकाची पावडर. ते टणक होतं, घासताना हात दुखतात. वरच्या सफाईला मायक्रोबलून, म्हणजे सूक्ष्म पोकळ गोळ्यांची पावडर. हलकं, भराभर घासलं जातं, पण जोड धरायला कुचकामी. उभ्या बाजूला ओघळू नये म्हणून आधी थोडं एरोसिल, मग चक्क्याइतकं घट्ट होईपर्यंत मायक्रोबलून. मास्क लावा, दोन्ही पावडरी श्वासाबरोबर उडतात.

गॅरेजवाले पॉलिएस्टरची लांबी पुढे करतील. पाण्याखालच्या भागाला ती नको, पाणी शोषते.

पावसाळ्यात वाळलेल्या थरावर मेणचट साय येते. ती साध्या पाण्याने आणि घासणीने धुवा, मगच काचपेपर. आधी घासलंत तर ती खालीच दाबली जाते आणि रंग सुटतो. एप्रिलमध्ये उलटं: दहा अंश वाढले की मिश्रण घट्ट होण्याआधीचा वेळ निम्मा. कालवलेलं कपात ठेवू नका, ताटलीत पसरा. मायक्रोबलूनवर रंगाआधी नुसत्या इपॉक्सीचे दोन हात हवेतच.